संगणकाचा विद्यार्थी आणि गोंडी भाषा

संगणकशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या अखेरीस एक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुलाचा आराखडा करावा किंवा यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने एखाद्या पंपाचे संकल्पन करावे, तसाच हा प्रकार. परंतु या दोहोंत एक मोठा फरक आहे. विद्यार्थ्याने काढलेल्या आराखड्यावरून कोणी नदीवर पूल बांधावयास घेत नाही. परीक्षकाने गुण दिले की तो कागद कपाटात जातो. आज्ञावलीचे तसे नाही. आज्ञावली हा एखाद्या वस्तूचा आराखडा नसून ती वस्तूच असते. ती लिहून पुरी झाली, की वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिली काय किंवा मोठ्या कारखान्यातील तज्ज्ञांनी लिहिली काय, संगणक तिचे सारख्याच तत्परतेने पालन करतो. लोखंड, सिमेंट किंवा मजूर यांची तिला गरज लागत नाही.

याच कारणामुळे विद्यार्थ्यांचे काही प्रकल्प महाविद्यालयाच्या भिंती ओलांडून फार दूरवर गेलेले आहेत. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स याने आपल्या घरच्या संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहावयास घेतली. संगणकाच्या निरनिराळ्या भागांत मेळ घालून त्यांच्याकडून काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ही कार्यप्रणाली पुढे ‘लिनक्स’ या नावाने जगभर पसरली. १९९९ साली अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाचा विद्यार्थी मार्क स्पेन्सर याला आपल्या छोट्याशा व्यवसायासाठी टेलिफोन एक्स्चेंज हवे होते, पण ते विकत घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्याने साध्या संगणकालाच एक्स्चेंजचे काम करावयास लावणारी ‘ॲस्टेरिस्क’ नावाची आज्ञावली लिहिली. या दोघांनीही आपल्या आज्ञावल्या मूळ मजकुरासह सर्वांना मोफत खुल्या केल्या. हेलसिंकी आणि ऑबर्न येथील ही कामे सुमारे दहा-वीस वर्षांनी बस्तरच्या जंगलातील माणसांच्या उपयोगी पडली. ते कसे घडले, हे पाहण्यासाठी छत्तीसगडकडे वळले पाहिजे.

छत्तीसगड हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर ही त्याची राजधानी झाली. नागपूरहून रेल्वेने पूर्वेकडे निघाले, की सुमारे तीनशे किलोमीटरवर हे शहर लागते. भोसल्यांच्या राजवटीपासून त्याचा मराठी मुलखाशी संबंध आहे. अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात येथे खाणींच्या निमित्ताने झाली. १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्र शिकविणारे शासकीय महाविद्यालय रायपुरात स्थापन झाले. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याच्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि २००५ साली त्याचे राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. भूगर्भातील लोखंड आणि कोळसा यांसाठी उभारलेल्या या संस्थेत पुढे संगणकशास्त्राचे वर्ग भरू लागले. शहराच्या आग्नेयेस वसविलेल्या नव्या राजधानीत २०१५ साली आणखी एक संस्था निघाली. तिचे नाव आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रविज्ञान संस्था. राज्य शासन आणि राष्ट्रीय औष्णिक वीज निगम यांनी मिळून ती स्थापन केली. प्रस्तुत विषयाशी या दुसऱ्या संस्थेचा निकटचा संबंध आहे.

आता विद्यार्थी सामान्यतः कोणते प्रकल्प करतात, हे पाहू. ग्रंथालयातील पुस्तकांची नोंदवही, वर्गातील हजेरी, वसतिगृहाच्या खानावळीचा हिशेब हे विषय भारतातील जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात दरवर्षी नव्याने हाताळले जातात. ज्यांना आज्ञावलीबरोबर थोडेफार तारकामही करावेसे वाटते, ते मातीतील ओलावा मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारे किंवा टाकी भरल्याची सूचना देणारे साधन बनवितात. इटलीतील इव्रेआ गावच्या एका संस्थेत २००५ साली विद्यार्थ्यांसाठीच तयार झालेल्या ‘आर्डुइनो’ या स्वस्त पट्टीमुळे असले प्रयोग कोणाच्याही आवाक्यात आले आहेत. २०१७ च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही स्पर्धा सुरू केली; तीत सरकारी खात्यांनी सुचविलेल्या अडचणींवर विद्यार्थ्यांनी सलग ३६ तास बसून उपाय शोधावयाचा असतो. हे सर्व उपयुक्त आहे यात शंका नाही. पोहणे शिकण्यासाठी प्रथम उथळ पाण्यातच उतरावे लागते. मात्र या प्रकल्पांत बहुधा एका गोष्टीची उणीव असते, ती ही, की दुसऱ्या टोकाला कोणी खरा माणूस नसतो. हजेरीची आज्ञावली परीक्षकासमोर एकदा चालली म्हणजे पुरे. दुसऱ्या दिवशी ती न चालल्याने कोणाचे काही अडत नाही.

रायपूरच्या विद्यार्थ्याला असा खरा माणूस शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहरापासून दक्षिणेस काही तासांच्या अंतरावर गोंडी बोलणाऱ्यांचा प्रदेश सुरू होतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. हे लोक छत्तीसगड, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि ओडिशा अशा राज्यांत विखुरलेले आहेत. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर आणि यवतमाळ हे त्यांचे मुख्य जिल्हे होत. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असून तेलुगू तिच्या कुळातील आहे, तर मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी या नुसत्या शेजारणी आहेत. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही, आणि बोलणारांच्या मानाने तिच्यात लिहिलेला मजकूर फारच थोडा आहे. रुग्णालयातील फलक, बँकेचा अर्ज, रेशनच्या दुकानातील यादी, फोनच्या पडद्यावरील सूचना हे सर्व दुसऱ्या भाषेत असते. ज्याला ती दुसरी भाषा येत नाही, तो मध्यस्थावर अवलंबून राहतो. मग तो मध्यस्थ प्रामाणिक असो वा नसो.

या अडचणीवरचा पहिला उपाय लिखाणाला बाजूस सारून आवाजाच्या मार्गाने गेला. शुभ्रांशु चौधरी हे मूळचे छत्तीसगडचे पत्रकार. त्यांनी अनेक वर्षे बी. बी. सी. साठी काम केले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी ‘सीजीनेट स्वर’ ही सेवा सुरू केली. तिची तांत्रिक बाजू मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था आणि बंगलोरची मायक्रोसॉफ्ट संशोधन शाळा यांच्या सहकार्याने उभी राहिली. सेवेची कल्पना अगदी साधी आहे. गावकऱ्याने आपल्या साध्या फोनवरून एका ठरावीक क्रमांकावर फोन लावावयाचा. पलीकडे माणूस नसून संगणक असतो. तो सांगतो, की आपला निरोप सांगावयाचा असल्यास एक हा आकडा दाबा, इतरांचे निरोप ऐकावयाचे असल्यास दोन दाबा. हातपंप बिघडला आहे, शिक्षक महिनाभर आलेले नाहीत, रोजगार हमीची मजुरी मिळालेली नाही, अशा स्वरूपाचे निरोप लोक आपल्या भाषेत बोलून ठेवू लागले. ते प्रथम संपादक ऐकतात, शक्य तेथे खातरजमा करून घेतात आणि मग सर्वांना ऐकण्यासाठी खुले करतात. गीतेही पुष्कळ येतात.

पलीकडचा संगणक म्हणजे लिनक्स आणि ॲस्टेरिस्क या दोन आज्ञावल्यांवर चालणारे एक साधे यंत्र होते. ज्या वस्तूसाठी पूर्वी टेलिफोन खात्याला मोठी खोली आणि मोठा खर्च लागे, ती येथे दोन विद्यार्थ्यांच्या फुकट मिळालेल्या मेहनतीवर उभी राहिली.

दाबलेला आकडा संगणकाला कसा कळतो, हे पाहण्यासारखे आहे. फोनवरील प्रत्येक कळ दाबली असता दोन निरनिराळे सूर एकाच वेळी निघतात. एक या आकड्याचे सूर सेकंदाला ६९७ आणि १,२०९ कंपनांचे असतात. दोन या आकड्याचे ६९७ आणि १,३३६ कंपनांचे. कळफलकावरील प्रत्येक आडव्या ओळीला एक खालचा सूर आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक वरचा सूर नेमून दिलेला आहे. म्हणून एक व दोन या शेजारच्या कळांचा खालचा सूर सारखा येतो. नेमके हेच दोन सूर एकाच वेळी माणसाच्या गळ्यातून निघणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे बोलणे कोणते आणि कळ कोणती यात संगणकाचा सहसा घोटाळा होत नाही. आवाज साठविण्याची रीतही तितकीच सरळ आहे. टेलिफोनवरील आवाजाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक माप एका अंकात लिहून ठेवले जाते. अशा रीतीने एका मिनिटाच्या निरोपाचे ४,८०,००० अंक होतात. संगणकाच्या दृष्टीने गोंडी काय, हिंदी काय किंवा ढोलाचा आवाज काय, सारे सारखेच असते. आवाजाच्या मार्गाचा हा मोठा गुण होय: भाषा न समजताही यंत्र ती वाहून नेऊ शकते.

पण फोनला पैसे पडतात आणि बोलणारा गरीब असतो. म्हणून सेवेने ‘मिस्ड कॉल’ची युक्ती वापरली. फोन लागताच संगणक तो तोडतो आणि त्या क्रमांकावर स्वतः फोन करतो, म्हणजे खर्च सेवेच्या खात्यावर पडतो. यामुळे गावकऱ्याचा प्रश्न सुटला, परंतु निरोपांची संख्या जसजशी वाढली तसतसे सेवेचे बिल वाढत गेले. यंत्रणा यशस्वी झाल्यामुळेच ती महाग व्हावी, हा अनुभव अभियंत्याला नवीन नाही. त्यावर ‘बुल्टू रेडिओ’चा मार्ग शोधण्यात आला. एका फोनमधून जवळच्या दुसऱ्या फोनमध्ये बिनतारी मार्गाने मजकूर पाठविण्याची जी ‘ब्लूटूथ’ नावाची सोय असते, तिला खेड्यातील लोक बुल्टू म्हणतात. गावचा एखादा तरुण ग्रामपंचायतीत किंवा जेथे इंटरनेट मिळेल तेथे जाऊन निवडक निरोपांचा कार्यक्रम आपल्या फोनमध्ये उतरवून आणतो आणि बाजाराच्या दिवशी तो एका हातातून दुसऱ्या हातात फुकट जातो. ब्लूटूथचा पल्ला जेमतेम दहा मीटरांचा. पण आठवडी बाजारात तेवढा पुरतो.

आवाजाच्या मार्गाला मर्यादाही आहे. तासभर ऐकल्याशिवाय तासाभराच्या ध्वनिमुद्रणात काय आहे हे कळत नाही. त्यात एखादा शब्द शोधता येत नाही. आणि ज्या शेकडो गोष्टी हिंदीत वा मराठीत लिहिलेल्या आहेत, त्या आपोआप गोंडीत येत नाहीत. त्यासाठी भाषा संगणकाला अक्षरांच्या रूपात द्यावी लागते. येथून खऱ्या अडचणींना प्रारंभ होतो.

संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि तो क्रमांक जगभर एकच असावा यासाठी ‘युनिकोड’ नावाची सर्वमान्य यादी आहे. या यादीत देवनागरी ‘क’चा क्रमांक २,३२५ आहे. गोंडी कधी देवनागरीत, तर कधी तेलुगू लिपीत लिहिली जाते. पण तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली एक लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांत दुसरी लिपी आढळली. युनिकोडच्या यादीत मसराम गोंडीला २०१७ साली आणि गुंजाळा गोंडीला २०१८ साली स्थान मिळाले. देवनागरीला ते कितीतरी आधीच मिळालेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे उशीर किती झाला हे ध्यानी येते. आणि उशिरा येणाऱ्याला मागच्या रांगेत बसावे लागते. मसराम लिपीचे क्रमांक ७२,९६० पासून सुरू होतात. जुन्या पद्धतीच्या अनेक आज्ञावल्यांत एका अक्षरासाठी दोन अंकांची जागा राखलेली असते आणि तेवढ्या जागेत ६५,५३५ च्या पुढचा क्रमांक मावत नाही. मग पडद्यावर अक्षराऐवजी रिकामी चौकट उमटते, किंवा एका अक्षराची दोन निरर्थक शकले होतात. ज्या विद्यार्थ्याने आपली आज्ञावली केवळ इंग्रजी आणि हिंदी मजकुरावर तपासून पाहिली असेल, त्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

लिपीचा प्रश्न सोडविला तरी कोणती गोंडी, हा प्रश्न उरतोच. भाषा सहा राज्यांत विभागली गेल्यामुळे तिची रूपे एकमेकांपासून दूर गेली आहेत. काही भागांत घराला ‘रोन’ म्हणतात, काही भागांत ‘लोन’. मिठासाठी उत्तरेकडील व पश्चिमेकडील बोलींत ‘सोवर’ असा शब्द आहे. दक्षिणेकडे जावे तसा आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होऊन ‘होवर’ हे रूप येते, आणि काही बोलींत तोही गळून नुसते ‘ओवर’ उरते. बोलणाऱ्या दोन माणसांना यामुळे फारशी अडचण पडत नाही. हातवारे, प्रसंग आणि हसू मदतीला येतात. संगणकाला मात्र हे तीन सर्वस्वी वेगळे शब्द वाटतात. २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतील गोंडी जाणकार वेळोवेळी एकत्र जमले आणि त्यांनी कोणत्या अर्थासाठी कोणते शब्द मान्य करावयाचे याची चर्चा केली. या कामात हंपी येथील कन्नड विद्यापीठाचा मोठा वाटा होता. त्यातून २०१८ साली तीन हजारांहून अधिक शब्दांचा सामाईक कोश तयार झाला. कोशासाठी संगणक लागला नाही. लागली ती माणसे आणि त्यांचा संयम.

एवढ्या तयारीनंतर भाषांतर करणाऱ्या यंत्राचा विचार करता येतो. पूर्वी अशी कल्पना होती, की संगणकाला शब्दकोश आणि व्याकरण दिले म्हणजे तो भाषांतर करू लागेल. ती फारशी यशस्वी झाली नाही. सध्याची रीत वेगळी आहे. एकाच अर्थाची वाक्ये दोन्ही भाषांत जोडीजोडीने संगणकाला दाखविली जातात आणि कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो, कोणते रूप कोठे बदलते, याचे अंदाज तो स्वतःच बांधीत जातो. अंदाज चुकला की आतील लक्षावधी आकडे किंचित इकडेतिकडे सरकविले जातात. असे असंख्य वेळा घडल्यावर अंदाज बरोबर येऊ लागतात. ज्या भाषांची कोट्यवधी वाक्ये जोडीने उपलब्ध आहेत, त्यांचे भाषांतर यामुळे चांगले होते. इंग्रजी आणि फ्रेंच यांच्या बाबतीत संसदांची व आंतरराष्ट्रीय सभांची कामकाजे दोन्ही भाषांत आयतीच छापलेली असतात. हिंदी आणि गोंडी यांचे असे काहीच नव्हते.

ही वाक्ये मिळविण्याचे काम सीजीनेट स्वर, मायक्रोसॉफ्ट संशोधन शाळा आणि नया रायपूरची संस्था यांनी मिळून हाती घेतले. संशोधन शाळेच्या बाजूने भाषावैज्ञानिक कालिका बाली त्यात होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी चार मार्गांचे वर्णन केले आहे. पहिला मार्ग वर सांगितलेल्या कोशाचा. दुसरा बालकथांचा: गोंडी जाणणाऱ्यांना एकत्र बसवून हिंदीतील गोष्टी गोंडीत उतरविण्यात आल्या. तिसरा मार्ग ‘आदिवासी रेडिओ’ या फोनवरील आज्ञावलीचा. तीत गोंडीतील बातम्या व मजकूर वाचावयास आणि ऐकावयास मिळतो, आणि त्याबरोबरच हिंदी शब्द किंवा वाक्य दाखवून त्याचे गोंडी विचारले जाते. चौथ्या मार्गात फोनवर एखादी उपयुक्त माहिती गोंडीत ऐकवून तिच्यासंबंधी प्रश्न विचारले जातात. चारही मार्गांत एक समान सूत्र आहे. शब्द देणाऱ्याला त्या बदल्यात त्याच्या भाषेतील काही वस्तू मिळते: कोश, गोष्ट, बातमी किंवा माहिती. केवळ संगणकाचे पोट भरण्यासाठी लोकांनी आपला वेळ खर्च करावा, अशी अपेक्षा ठेवलेली नाही. अहवालातील हा भाग तांत्रिक भागापेक्षाही अधिक महत्त्वाचा मानावयास हरकत नाही.

या सर्व खटाटोपातून बारा हजारांना थोडे कमी इतके भाषांतरित शब्द व वाक्ये गोळा झाली, आणि पुढेही मदत करू शकतील अशा ६५० हून अधिक व्यक्तींशी संपर्क जुळला. कोट्यवधींच्या तुलनेत बारा हजार हा आकडा क्षुल्लक वाटेल. तथापि शून्य आणि बारा हजार यांतील अंतर अधिक मोठे आहे. शून्यावर कोणत्याही विद्यार्थ्याला कोणताही प्रयोग करता येत नाही; बारा हजारांवर करता येतो.

असा प्रयोग करू पाहणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो चाचणीचा. गोळा केलेली सर्व वाक्ये संगणकाला शिकविली आणि त्यांतीलच वाक्ये पुन्हा विचारली, तर उत्तरे उत्तम येतात. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर विद्यार्थी पहिला यावा तसा हा प्रकार होय. म्हणून काही वाक्ये आधीच बाजूला काढून ठेवावी लागतात आणि संगणकाची परीक्षा त्यांवर घ्यावी लागते. सामग्री थोडी असली की हे बाजूला काढणे जिवावर येते. दुसरा धडा व्याकरणाचा असतो. हिंदीत निर्जीव वस्तूही स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी असते. गोंडीत पुरुष हा एक वर्ग आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू मिळून दुसरा वर्ग असतो. त्यामुळे क्रियापदाचे रूप ठरविताना हिंदीकडून मिळणारी खूण अनेकदा निरुपयोगी ठरते, कधी चक्क फसविते. गोंडी शब्दाला मागून प्रत्यय जोडत जाण्याची सवय असल्याने एका शब्दाची अनेक रूपे होतात, आणि बारा हजार नोंदींत त्यांपैकी पुष्कळ रूपे एकदाही आलेली नसतात. जे पाहिले नाही, त्याचा यंत्र अंदाज करते. हा अंदाज चुकला तर औषधाच्या पुडीवरील सूचनेचा अर्थ उलटा होऊ शकतो, म्हणून येथे ‘बहुतांशी बरोबर’ या शेऱ्यावर समाधान मानता येत नाही.

या अडचणीतून काढलेली एक वाट विशेष उल्लेखनीय आहे. यंत्राने संपूर्ण भाषांतर करावे हा हट्ट सोडून, माणूस भाषांतर करीत असताना यंत्राने त्याला पुढचा शब्द सुचवावा, अशी योजना बंगलोरच्या संशोधकांनी २०१९ साली मांडली. सूचना पटली तर माणूस ती घेतो, न पटली तर स्वतःचा शब्द लिहितो. कच्चे यंत्रही अशा रीतीने उपयोगी पडते, कारण अखेरचा निर्णय त्याच्या हाती नसतो. शिवाय माणसाने तयार केलेले प्रत्येक नवे वाक्य साठ्यात भर घालते आणि यंत्र थोडे अधिक शहाणे होते.

प्रकल्प कोणत्या टप्प्यावर पूर्ण झाला असे म्हणावे, हे या क्षेत्रात सांगणे कठीण आहे. महाविद्यालयाचे वेळापत्रक सहा महिन्यांचे असते. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुण्याला, बंगलोरला किंवा परदेशी जातो. त्याने लिहिलेली आज्ञावली मात्र खेड्यातील फोनमध्ये राहते, आणि फोनची कार्यप्रणाली दरवर्षी बदलते. एके दिवशी ती उघडत नाही. कोणी चूक केलेली नसते. भोवतालचे जग पुढे गेलेले असते. पुलाला रंग द्यावा लागतो हे सर्वांना पटते, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होते. आज्ञावलीलाही देखभाल लागते हे पटविणे अजून जड जाते. लिनक्स टिकले त्याचे एक कारण असे, की टॉरवाल्ड्सने विद्यार्थिदशेत सुरू केलेले ते काम सोडून दिले नाही आणि जगभरातील हजारो हातांनी ते वाटून घेतले. गोंडीसाठी राबणारे हात फार थोडे आहेत. रायपूरच्या शिक्षकाने मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प या वर्षीच्या विद्यार्थ्यांना पुढे चालवावयास दिला, तर परीक्षकाला त्यात नावीन्य दिसत नाही; आणि नवा विषय दिला, तर जुना मरतो. अभ्यासक्रमाच्या नियमांत अद्याप या पेचावर चांगला तोडगा सापडलेला नाही.

तरीही काम थांबलेले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या भाषांतर यंत्रणेची प्राथमिक आवृत्ती प्रसिद्ध केली. ती दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि तिच्या घटक संस्थांत नया रायपूरच्या संस्थेचा समावेश आहे. आरंभी घेतलेल्या चार भाषा संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या होत. त्यांपैकी गोंडीची सामग्री छत्तीसगडमधील आहे.

हा शेवटचा तपशील महाराष्ट्राच्या दृष्टीने लहान नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ साली ग्रामसभेने गोंडीतून शिकविणारी शाळा सुरू केली. असल्या शाळेतील शिक्षकाने छत्तीसगडच्या वाक्यांवर शिकलेल्या यंत्राला एखादा धडा विचारला, तर त्यातील बरेचसे शब्द मुलांच्या ओळखीचे निघतील आणि काही परके वाटतील. ‘मीठ’ या एका शब्दापुढे सोवर, होवर आणि ओवर ही तिन्ही रूपे ठेवावयाची, की एकच. आणि एकच ठेवावयाचे तर कोणत्या गावाचे, हे यंत्राला ठरविता येत नाही. त्यासाठी वाक्याबरोबर ते कोणत्या जिल्ह्यातील माणसाने दिले याची नोंद ठेवणारा एक जादा रकाना आज्ञावलीत असावा लागतो. असा रकाना ठेवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण ते पहिल्याच दिवशी करावे लागते. बारा हजार वाक्ये गोळा झाल्यावर प्रत्येक बोलणाऱ्याचा पुन्हा शोध घेता येत नाही.